सहा वेळा काहीच दिसलं नाही

बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १८ वा अध्याय मी सध्या परत परत वाचतोय. आमच्याकडं यवतमाळच्या कोरडवाहू भागात मृग लागला की सगळ्यांची नजर वरच, त्यामुळं असेल, पण त्यातली एलीया संदेष्ट्याची पावसाची प्रार्थना आम्हाला लगेच कळते.

पहिल्याच वचनात देव त्याला सांगतो, जा, अहाब राजासमोर उभा राहा, मी पाऊस पाडणार आहे. म्हणजे वचन मिळालेलंच होतं, तरी तो कर्मेल डोंगरावर जाऊन गुडघ्यात डोकं घालून बसला आणि चाकराला म्हणाला जा, समुद्राकडं बघ, चाकर येऊन म्हणतो काहीच नाही, मग परत जा, असं सात वेळा, आणि सातव्यांदा माणसाच्या हाताएवढा ढग. मला त्या चाकराचं फार कौतुक वाटते. त्याला ना दर्शन ना वचन, जा म्हटलं की गेला.

काही लोकं समजतात रेटून मागत राहिलं की देवाला द्यावंच लागते, आणि लूक १८ मधल्या विधवेचा दाखला देतात, जी अन्यायी न्यायाधीशाकडं न्याय मागत राहिली आणि शेवटी त्यानं कंटाळून दिला. पण देव त्या न्यायाधीशासारखा आहे असं येशू म्हणतच नाही, तो म्हणतो असा अन्यायी माणूस ऐकते तर देव आपल्या लोकांचं ऐकणार नाही काय. आणि देवानं सांगितलं नसताना धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरणी, करून मग पाड आता पाऊस म्हणायचं, याला मी विश्वास म्हणणार नाही. कृषी विभाग सांगते ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, तर थांबावं आणि थांबून प्रार्थना करावी. एलीयासुद्धा आधी जीव धोक्यात घालून अहाबाकडं गेला, डोंगरावर नंतर.

मग आपल्याला स्पष्ट सांगितलेलं काय? मार्क ११:२५, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असलं तर क्षमा करा. आमच्या मंडळीतल्या एक काकू पोराची दारू सुटावी म्हणून कितीक वर्षांपासून मागतात. दिरासोबत धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण, बोलणंच बंद. पाळकांनी या वचनावर संदेश दिला त्यानंतर त्या स्वतः दिराच्या घरी गेल्या, म्हणाल्या भाऊजी, तुम्ही म्हणता तिथूनच धुरा धरा, मला भांडण नको. दोघी जावा गळ्यात पडून रडल्या.

पोरगा अजून पितो. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाबू, धुरा सोडला तो काही सौदा नव्हता, देवानं सांगितलं म्हणून सोडला. पोराचं मागणं चालूच राहीन." प्रेषित पौलानंही आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा मागितलं, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं, आणि तो सेवा करतच राहिला.

येत्या शुक्रवारची प्रार्थना सभा काकूंच्याच घरी आहे. नाव लिहीत नाही, पण त्या पोरासाठी तुम्हीही प्रार्थना करा, आणि तुमच्या घरी असं कोणी असलं तर कळवा, आम्ही सभेत प्रार्थनेत घेऊ.