गाडीबरोबर वही

आमचं घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात. घरापुढं बऱ्यापैकी मोठं अंगण आहे आणि आमचा जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायचा धंदा त्याच अंगणात सुरू झाला. 2014 साली तिथं पहिली गाडी उभी राहिली, 2005 ची पांढरी मारुती 800. त्याच वर्षी जानेवारीत कंपनीनं 800 बनवणं थांबवलं होतं. आता पार्ट मिळायचे नाहीत या भीतीनं लोक पडेल भावाला गाडी काढत होते. मी तोवर नऊ वर्षं दुसऱ्यांच्या गॅरेजात काम केलं होतं. त्या 796 सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनाचे भाऊबंद ओम्नी आणि अल्टोत होते, त्यामुळं पार्टची अडचण येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. गाडी 38 हजारांना ठरली. त्यातले 15 हजार बायकोच्या भिशीचे.

इंजिनाचं काम लवकर उरकलं. आबांची उभी हयात उद्यमनगरात लेथवर गेलेली. त्यांच्या ओळखीनं हेड फेसिंग करून, म्हणजे इंजिनाच्या हेडचा तळ सपाट करून आणलं, गॅस्केट बदललं. खरा त्रास दिला पत्र्यानं. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खालचा नमदा ओला गच्च. तो काढून पत्र्यावर अंगठा दाबला आणि अंगठा आरपार जाऊन खालची फरशी दिसली. दारांचीही तीच गत. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की पाणी आतच साचतं आणि दार आतून कुजत येतं. बाहेरचा रंग फुगायला लागेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. तेव्हापासून कुठलीही गाडी बघायला गेलो की मी आधी गुडघ्यावर बसून दाराची खालची कड चाचपतो, बोनेट नंतर उघडतो.

सडका पत्रा कापला, नवा वेल्डिंग करून बसवला, लांबी, म्हणजे पत्र्यावरची पुट्टी भरली, पाण्याचा पॉलिश पेपर मारून मारून बोटांची सालं निघाली. रंग मात्र घाईनं मारला. डिसेंबर होता, ऊस हंगाम जोरात. संध्याकाळी बोनेटवर शेवटचा हात दिला आणि सकाळी बघतो तर ओल्या रंगात साखर कारखान्याच्या काजळीचे काळे ठिपके बसलेले. सगळं घासून पुन्हा केलं. पावसाळ्यात याच्या उलट, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. घरी रंगकाम करणाऱ्यानं मार्चनंतरचे कोरडे दिवस धरावेत, चारी बाजूंनी प्लास्टिक बांधावं, जमीन पाण्यानं भिजवावी म्हणजे धूळ उठत नाही. आणि रंगात मिसळायच्या हार्डनरच्या वाफांना तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क लागतो. मी हे उशिरा शिकलो, दोन वर्षं खोकला काढून.

ती 800 भोगावतीकडच्या एका गुरुजींनी 66 हजारांना घेतली. पैसे मोजून झाल्यावर म्हणाले, "काय काय केलंयसा, तेवढं लिहून द्या बघू." मी मुलाची शंभर पानी वही घेतली आणि लिहीत गेलो. कुठला पत्रा बदलला, कुठं लांबी आहे, काय करायचं राहिलंय, चौथा टायर किती जुना. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, तेही उतरवून दिले. गुरुजींनी सगळं वाचलं आणि भाव एक रुपयानं कमी केला नाही. त्या दिवसापासून आमच्याकडची प्रत्येक गाडी वहीसकट जाते.

2019 मध्ये मात्र वही खोटी ठरली.

ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोका पातळी, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दिवाळीच्या आधी एका एजंटाकडून मी एक हॅचबॅक घेतली. गाडी चकचकीत, आत अत्तराचा वास. कामं केली, वही लिहिली आणि गडहिंग्लजच्या एका कुटुंबाला 2 लाख 85 हजारांना दिली. तीन महिन्यांनी फोन आला. काच आपोआप खाली जात होती, एअरबॅगचा दिवा जळत होता, आणि उत्तूरच्या पुढं रात्री दोन लहान मुलं गाडीत असताना हेडलाइट गेले होते.

गाडी परत आणून मी सगळं कार्पेट उचललं. वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ, आणि तिच्याखाली पट्टा मातकट. बेल्ट कोणी एवढा ओढून धूत नाही. मीही ओढून बघितला नव्हता. पैसे पूर्ण परत केले. गाडी पार्टवर मोडली, 70 हजार आले. धंदा सहा वर्षं मागं गेला आणि पाठोपाठ लॉकडाऊन लागला. बायकोनं एकच विचारलं, "वहीत बेल्टचं पान का नाही?" आता आहे. चारी बेल्ट, स्टेपनीचा खड्डा, सीटखालचे नट, हेडलाइटच्या आतला कोपरा, हे ती स्वतः टॉर्च घेऊन तपासते आणि सही करते. माझ्या सहीवर ते पान पुरं होत नाही.

कागदपत्रंही तीच बघते. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30, बँकेचा बोजा उतरवायला 35. पूर्वी गाडी आमच्या दारात असायची आणि नाव जुन्या मालकाचं, चलन आलं की त्याचा जीव टांगणीला. 1 एप्रिल 2023 पासून नियम बदलले. अधिकृत विक्रेत्याकडं गाडी सोपवल्याची नोंद झाली की जबाबदारी विक्रेत्यावर येते, आणि गाडी ट्रायलला बाहेर काढली तरी त्याची ऑनलाइन नोंद ठेवावी लागते. काहींना हे जाचक वाटतं. मला वाटतं हे फार आधी व्हायला हवं होतं.

मीटर मागं फिरवून द्या म्हणणारे अजून येतात. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगचं चामडं चकाकतंय आणि मीटरवर म्हणे 30 हजार! अशी गाडी आम्ही घेतच नाही.

आता अंगणावर शेड आहे, दोन पोरं हाताखाली आहेत, महिन्याला तीन गाड्या निघतात. चौथी घेतली तर तपासणी उरकावी लागते, म्हणून घेत नाही. सध्या 2013 ची वॅगनआर उभी आहे. मालक कागलचे, गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातातली, पण क्लच संपलाय आणि डावं मागचं दार कधीतरी ठोकून रंगवलंय. वहीत दाराचं लिहून झालंय. क्लच प्लेट उद्या येईल. रविवारी मुरगूडचे पाहुणे बघायला येणार आहेत, त्याआधी बेल्टच्या पानावर सही व्हायची आहे.