आमची वाटचाल: रेन लिलीच्या कंदांवर उभी राहिलेली रोपवाटिका

नागपूरच्या काटोल रोडलगतच्या जागेत आम्ही पती-पत्नींनी 2012 साली रोपवाटिका सुरू केली, तेव्हा विक्रीला गुलाब, मोगरा, जास्वंद आणि शेवंती एवढीच रोपे होती. त्याच पावसाळ्यात सासूबाईंनी आपल्या अंगणातील गुलाबी रेन लिलीचा दाटलेला गड्डा उपटून आम्हाला दिला आणि आम्ही त्यातील कंद सुटे करून चाळीस पिशव्यांत लावले.

पुढच्या मे महिन्यात नवतपा लागला, पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि त्या पिशव्यांतील पाने पिवळी पडून मातीला चिकटली. रोपे मेली असे समजून आम्ही पिशव्या कुंपणाच्या कडेला नेऊन टाकल्या आणि त्यांना पाणी देणेही थांबवले. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला आणि चार-पाच दिवसांनी त्याच पिशव्यांतून, पानांचा पत्ता नसताना, लालसर दांडे वर आले. प्रत्येक दांड्यावर एकच गुलाबी फूल होते. एक पिशवी फाडून पाहिली, तर तपकिरी पापुद्र्याआड कंद लहान कांद्यासारखा टणक आणि पांढराशुभ्र होता. आपल्याकडचा उन्हाळा हा या झाडाचा विसाव्याचा काळ आहे, आणि कोरड्या काळानंतर मिळालेले भरपूर पाणी हीच त्याच्या फुलण्याची खूण आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आमच्या व्यवसायाची खरी सुरुवात मी तेव्हापासूनच मानते.

ही फुले मूळची अमेरिका खंडातील असून गुलाबी आणि पिवळी फुले पहिल्या पावसापासून येऊ लागतात, तर पांढरी जात पावसाळ्याच्या उत्तरार्धात बहरते. पांढरीची पाने गवतासारखी बारीक आणि बरीचशी सदाहरित असल्यामुळे वाफ्याच्या कडेला आम्ही तीच सुचवतो. पिवळीला बी भरपूर धरते. ते काळे, चपटे आणि कागदासारखे हलके असते, व ताजे असतानाच पेरले तर चांगले उगवते.

पहिली मोठी मागणी एका गृहनिर्माण संस्थेची होती आणि तिथे चूक आमचीच झाली. नागपूरची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, हे ठाऊक असूनही आम्ही वाफे न उचलता थेट लागवड केली. त्या वर्षीच्या संततधारेत निम्म्याहून अधिक कंद सडले आणि बोटाने दाबताच त्यांचा लगदा होऊ लागला. सर्व कंद आम्ही स्वखर्चाने बदलून दिले. तेव्हापासून काळ्या मातीत मुरूम, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा केल्याशिवाय आम्ही लागवड करत नाही. कंद दोन-तीन इंच अंतरावर आणि त्याची मान मातीच्या पातळीला येईल एवढाच खोल लावतो.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे व नारिंगी ठिपके असलेली अळी दोन रात्रींत वाफा बोडका करते. तिच्यासाठी औषधापेक्षा हाताने वेचणी अधिक उपयोगी पडते, म्हणून श्रावणात आमच्याकडील मावशी सकाळी निंदणाला बसण्यापूर्वी पानांची खालची बाजू उलटून पाहतात. नुकसान झाले तरी कंद शाबूत असल्यास नवी पाने येतात. कंद विषारी असल्यामुळे घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील, तर तशी सूचना आम्ही प्रत्येक ग्राहकाला देतो.

तीन-चार वर्षांनी गड्डा दाटला आणि फुले कमी झाली की आम्ही तो पावसाळ्याच्या तोंडावर उकरून कंद वेगळे करतो. रोपवाटिकेत आज असलेली गुलाबी रेन लिली सगळी त्या पहिल्या चाळीस पिशव्यांची संतती आहे. उन्हाळ्यात ग्राहक रिकाम्या दिसणाऱ्या कुंड्या परत घेऊन येतात, तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर माती थोडी बाजूला करून कंद दाखवतो आणि कुंडी मृगापर्यंत सावलीत, जवळजवळ कोरडी ठेवायला सांगतो.