कोल्हापूरला जायचं तर वार बघून

आम्ही कोल्हापूरला गेलो शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस धरून, आणि तिन्ही वार चुकले.

डोंबिवलीत बसून बेत ठरवताना मुलाची सुट्टी, नवऱ्याची रजा आणि गाडीचं वेटिंग एवढंच पाहिलं. शुक्रवार अंबाबाईचा, म्हणजे दर्शनाला रांग. त्यातून सासूबाईंचा उपास. शनिवारी नवरा मांसाहार करत नाही. रविवार जोतिबाचा. म्हणजे ज्या मटणासाठी लोक कोल्हापूर गाठतात, ते रविवार दुपारपर्यंत आमच्या ताटात पडणार नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा गाडीने कर्जत सोडलं होतं.

गाडी म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, कल्याणला पकडली. झोपून जायचं, सकाळी कोल्हापुरात उतरायचं. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी सातारा ते कागल रस्तारुंदीकरणाची कामं हिशोबात धरावीत आणि मंदिराजवळच्या गल्ल्यांत गाडी घालू नये. बिंदू चौकात वाहनतळ आहे, तिथून चालत जाता येतं. लॉज मात्र नकाशावर स्वतः तपासून घ्या. आमच्या लॉजच्या जाहिरातीत ‘मंदिरापासून दोन मिनिटं’ असं होतं. ती दोन मिनिटं बहुधा मोटरसायकलची असावीत. सासूबाईंच्या गुडघ्यांना पंचवीस लागली.

दर्शनाला अडीच तास गेले. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी मुखदर्शनाची वेगळी रांग विचारून घ्यावी. आम्हाला हे एका हारवाल्या मावशींनी सांगितलं, पण निम्मी रांग सरल्यावर. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, म्हणून नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात शिरतात. आधी चरण, मग छाती, मग मुख, असा तो किरणोत्सव. त्या दिवसांत जाणार असाल तर गर्दीची तयारी ठेवा आणि आकाशात ढग असले तर मन घट्ट करा.

दुपारी भवानी मंडप आणि टाऊन हॉलचं संग्रहालय पाहिलं. संग्रहालय छोटं आहे, पण इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंत पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ग्रीक समुद्रदेव काय करत होता, या प्रश्नावर आमचा अकरा वर्षांचा चिरंजीव तासभर बोलत होता. सोमवारी इथे जाऊ नका, बंद असतं.

चप्पल लाईनला मात्र वेळ काढून जा. आम्ही तिथे दीड तास घालवला. दुकानदार काकांनी नवऱ्याच्या पायात कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, चढवली आणि एकच विचारलं, ‘आवळतीय का?’ नवरा म्हणाला, हो, जरा. ‘मग हीच घ्या.’ चामडं पायाबरोबर सैल होतं, पहिल्या दिवशी ऐसपैस वाटलेली चप्पल महिन्याभरात पायातून निघते, हे त्यांचं शास्त्र. नव्या चपलेला तेल लावायचं, अंगठ्याशी लागलं तर दोन दिवस दम काढायचा, आणि पावसात अजिबात घालायची नाही. करकर वाजणारी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. तळाच्या थरांमध्ये विंचू नावाच्या झाडाच्या बिया घालतात, आवाज त्यांचा. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या ब्रँडने असल्याच चपला फॅशन शोमध्ये मिरवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, त्यावर काका अजून तापलेले होते. त्या रागात त्यांनी आम्हाला शंभर रुपये कमी केले, ते का हे कळलं नाही.

संध्याकाळी रंकाळा. भुट्टा, वारा, फोटो, झालं. तिथून गंगावेशीत दूध प्यायला गेलो. म्हैस समोर उभी, धार पितळी चरवीत, आणि फेसाळलेला ग्लास हातात. कोमट असतं. मुलाने आधी ‘गरम कोणी केलं?’ विचारलं, मग उत्तर ऐकून ग्लास माझ्याकडे सरकवला. सासूबाईंनी उपास सोडायला दोन ग्लास घेतले.

शनिवार मिसळीचा केला. मिसळ सकाळीच खायची, दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी संपते. उद्यमनगरात फडतरे यांच्याकडे रांग लागते, बावड्याच्या मिसळीचे भक्त वेगळे, आणि कोणती भारी यावर रिक्षावाल्याशी वाद घालू नये. पुण्या-मुंबईच्या सवयीने पाव मागू नका, इथे स्लाइस ब्रेड येतो. कट वेगळा वाढतात, तो एकदम ओतायचा नाही. रंग लालभडक असला तरी जीभ जळत नाही, मसाला भाजलेला असतो; घाम मात्र कपाळावर येतो. सोबत दही सांगून ठेवा.

मग न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला, चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाचा. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते सोडून लोक पेंढा भरलेल्या वाघांपुढेच ताटकळतात. पुढे शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान. मधोमध कुस्तीचा मातीचा हौदा आणि चारी बाजूंनी उतरता घेर, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली. त्याबद्दल बोलताना भेळवाल्याचा हात थांबला. खासबागची राजाभाऊंची भेळ खा, पण तिखट सांगताना ‘मध्यम’ म्हणा. कोल्हापूरचं मध्यम आपल्याला पुरतं.

रविवारी आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. आधी जोतिबा आणि मग पन्हाळा. रस्ता एकाच बाजूचा, पन्हाळा शहरापासून वीस किलोमीटर, त्यामुळे दोन्ही एका दिवसात करणं बरोबरच आहे. पण रविवारी जोतिबाच्या डोंगरावर गाड्यांची माळ लागते. ‘चांगभलं’चा गजर, उधळलेला गुलाल, सगळं छान. पण खाली उतरेपर्यंत साडेअकरा झाले. पन्हाळ्यावर हाती लागले फक्त तीन दरवाजा आणि अंबरखाना. १२ जुलै १६६०च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने निसटले, ती राजदिंडी बघायची राहिली आणि पोराने ते परतीच्या प्रवासात चारदा ऐकवलं. गड सकाळी करा, उन्हाच्या आत. तिथल्या बायका झाडाखाली झुणका-भाकरी आणि खर्डा विकतात, ती न्याहारी धरा. जोतिबा नंतर, आणि रविवार सोडून.

खानावळीत पोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. मालकांनी आमचे गुलालाने माखलेले कपडे पाहिले.

‘वैनी, मटण संपलं बगा. दोनलाच संपलं. रस्सा हाय, अंडी हायत. बसा की.’

बसलो. तांबडा आला, पांढरा आला, ज्वारीची भाकरी आणि दही-कांदा. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस आणि मटणाचं पाणी असतं. दिसायला गरीब, पण पोटात उतरला की कानापर्यंत ऊब येते. तांबड्याची तर्री भाकरीत मुरू द्यायची, मग घास उचलायचा. मी वाटी संपवून गप्प बसले होते, तर मालक पातेलंच घेऊन आले. ‘रस्सा मागाय लाजायचं न्हाय. हितं वाटीचा हिशोब न्हाय.’ नवऱ्याने पाच वाट्या पांढरा प्यायला आणि तरी वर म्हणाला, सुक्कं राहिलंच.

तर जाणाऱ्यांनो, बुधवार-गुरुवार धरा. कोल्हापूरकर मटण खातात ते बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी. त्यातला बुधवार ना अंबाबाईचा ना जोतिबाचा. बुधवारी सकाळी दर्शन, दीडच्या आत खानावळ, गुरुवारी पन्हाळा आणि मग जोतिबा. तिसरा दिवस असेल तर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर आणि वाटेत नरसोबाची वाडी. आम्हाला जमलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बातम्यांत बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. चाळिशीच्या आसपास असेल तर तिकीट रद्द करा.

कांदा-लसूण मसाला आणायचा तर घरून स्टीलचा डबा न्या. आमची प्लॅस्टिकची पिशवी गाडीत फुटली, साताऱ्यापर्यंत अख्खा डबा शिंकत होता. सासूबाईंच्या पांढऱ्या साडीवर आता गुलाल आहे आणि मसालाही. कुठला डाग कशाचा ते धुतल्यावर कळेल म्हणून त्यांनी ती भिजत घातली आहे, आणि नवऱ्याला मंगळवार रात्रीची तिकिटं बघायला बसवलंय.