तुम्ही विचारलंत म्हणून: ही कवटी मूळ कुणाची?

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या बोळात माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. पोट चालतं ते मंडळांवर. गणपतीचे टी-शर्ट, शिवजयंतीचे टी-शर्ट, कबड्डीच्या पोरांचे पाठीवरचे नंबर. या गर्दीत महिन्याला चार-पाच कॉलेजची पोरं येतात, मोबाइल पुढे धरतात आणि म्हणतात, "काका, हे होईल का?" त्यात कवटी असते, जीभ असते, नाहीतर पंखवाला माणूस. भाव ठरला की हमखास पुढचा प्रश्न येतो, "पण हे मूळ काढलं कुणी?" बँडमधल्या ड्रमरचंसुद्धा नाव त्यांना पाठ असतं, चित्र काढणाऱ्याचं नसतं. मलाही नव्हतं. वीस वर्षं स्क्वीजी (जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी) ओढता ओढता जे हाताला लागलं, ते एकदाच सांगून टाकतो.

कवटीपासून सुरू करू, कारण तिनेच मला या नादाला लावलं. गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा, ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा. पोरांना वाटतं, कुणीतरी नशेत काढला असणार. तो काढला एडमंड सलिव्हन नावाच्या इंग्रज चित्रकाराने, उमर खय्यामच्या रुबायांच्या १९१३ सालच्या आवृत्तीसाठी. आपल्याकडे माधव जूलियनांनी मराठीत आणला, तोच खय्याम. पुढे १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅन्ली माउस आणि आल्टन केली या पोस्टरवाल्यांना सार्वजनिक ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळताना हे पान सापडलं. त्यांनी सांगाडा जवळजवळ जसाच्या तसा उचलला, रंग भरले, भोवती अक्षरं लिहिली आणि ॲव्हलॉन बॉलरूममधल्या कार्यक्रमाचं पोस्टर केलं. १९७१ मध्ये तो अल्बमवर आला आणि तिथून जगभरच्या पोरांच्या छातीवर. सलिव्हन १९३३ सालीच वारला होता. त्याला यातलं काहीच कळलं नाही.

मी पहिल्यांदा हा सांगाडा काळ्या कापडावर छापला तेव्हा पार वाट लागली. काळ्यावर आधी पांढऱ्याचा बेस मारावा लागतो आणि पांढरी शाई पसरते. बरगड्यांमधल्या बारीक रेघा बुजल्या आणि सांगाडा चांगला खात्यापित्या घरचा दिसायला लागला. गिऱ्हाइकाने दोन शर्ट परत केले. मग बारीक जाळीची स्क्रीन घेतली, रेघा एकेक करून मोकळ्या केल्या, आणि ते करताना लक्षात आलं की हा माणूस आमच्याच धंद्यातला. त्याने चित्र काढलं तेच छापण्यासाठी. काळी रेघ, पांढरा कागद, मधली सावली नाहीच. सावली हवी तिथे रेघाच दाट केल्यात. तैलचित्र शर्टावर आणायचं तर त्याचे ठिपके पाडावे लागतात आणि त्या ठिपक्यांत अर्धा जीव जातो. सलिव्हनला तो त्रासच नाही.

माझं मत विचाराल तर कुठलं जुनं चित्र शर्टावर टिकणार हे बँड ठरवत नाही, शाई ठरवते. त्याच माउस-केलीने १९६६ सालीच आल्फोन्स मुखा या चित्रकाराची १८९६ ची सिगारेटच्या कागदाची जाहिरात उचलून पोस्टर केलं. ती मुळात दगडी छापाची: ठळक बाह्यरेषा आणि आत सपाट रंग. त्याच काळातल्या वेस विल्सन या पोस्टरवाल्याची ती वितळल्यासारखी अक्षरं घ्या. ती व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोस्टरांवरून आली. तीही छापण्यासाठीच घडवलेली. (आपल्या मंडळांच्या शर्टांवर ती तलवारीसारखी टोकदार अक्षरं असतात ना, ती पहिल्यांदा कुणी काढली, हे मात्र आजवर मला एकानेही विचारलेलं नाही.)

आता जीभ. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडच्या जिभेची ऑर्डर छापत होतो, तेव्हा आई दुकानात बसली होती. म्हणाली, "जीभ काय अशी काढलीया रं, काळूबाई अंगात आल्यागत?" दर पौषात मांढरदेवाला जाणारी बाई, तिला दुसरं काय दिसणार, असं म्हणून मी हसलो. पुढे वाचनात आलं आणि कान धरले. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पाशला बँडचा गायक मिक जॅगरने चिन्हाचं काम दिलं आणि दाखवायला काढलं ते कालीमातेचं चित्र. बाहेर काढलेली जीभ तिथली. पाशला मिळाले पन्नास पौंड. पुढच्या वर्षी ती जीभ अल्बमवर आली. २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मूळ चित्र विकत घेतलं, तेव्हा साडेब्याण्णव हजार डॉलर मोजले.

पाशबद्दल मला राग नाही. त्याने देवीचा एक अवयव घेतला आणि त्यातून स्वतःचं काहीतरी उभं केलं. पण १९६७ मध्ये अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या अल्बमवर विष्णूच्या विराटरूपाचं आपल्याकडचं छापील चित्र घेतलं आणि त्यावर हेंड्रिक्सच्या बँडमधल्या तिघांचे चेहरे बसवले. खुद्द हेंड्रिक्सला ते रुचलं नाही. त्याच्या घराण्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं, म्हणजे तिकडे ज्यांना 'इंडियन' म्हणतात त्यांचं, रक्त होतं आणि कंपनीने भलतेच इंडियन शोधले. १९९७ मध्ये एरोस्मिथ या बँडच्या अल्बमवर तर कालियामर्दनातल्या कृष्णाला मांजराचं तोंड लावलं होतं. लोक चिडले, कंपनीने माफी मागून चित्र बदललं. कॅलेंडरचं चित्र म्हणजे बेवारस माल, असा यांचा समज. आमच्या दुकानात देवादिकांची चित्रं काढणाऱ्या मुळगावकरांचं एक जुनं कॅलेंडर आहे, तारखा कधीच्या संपल्यात, पण ते फेकायची कुणाची छाती नाही.

बाकीचं पटकन सांगतो. काळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा, जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा शर्ट. ट्रेकवाल्या पोरांना त्यात हमखास सह्याद्री दिसतो. एका ग्रुपने तर खाली "अजिंक्यतारा" लिहून मागितलं होतं. ते डोंगर नव्हेत. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सापडलेल्या पहिल्या पल्सारचे, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्याचे, ते ठोके आहेत, एकाखाली एक मांडलेले. हॅरल्ड क्राफ्टने १९७० च्या आपल्या प्रबंधात तो आलेख दिला, तिथून तो खगोलशास्त्राच्या कोशात गेला आणि १९७९ मध्ये पीटर सॅव्हिलने काळ्याचं पांढरं करून अल्बमवर घेतला. छापायला याच्यासारखं सोपं दुसरं काही नाही, एकच रंग. आणि लेड झेपेलिन या बँडचा पंखवाला? एका आजोबांनी "जटायू का हो?" विचारलं होतं. फार लांब नाही गेले. अमेरिकन चित्रकार विल्यम रिमरचं १८६९-७० च्या सुमाराचं, मावळतीला कोसळत्या पंखधारी पुरुषाचं चित्र आहे, बोस्टनच्या म्युझियममध्ये. १९७४ मध्ये बँडने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, तेव्हा तिला हेच चिन्ह घेतलं.

चौथीत असताना आमची सहल औंधला गेली होती. यमाईचं दर्शन झालं, मग म्युझियम. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये बांधलेलं. राजा स्वतः चित्रकार. तिथे रविवर्मा आहे, हेन्री मूरचं शिल्प आहे आणि युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही आहेत. बाईंनी "ही नक्कल" असं म्हटल्यावर माझा मूडच गेला. एवढ्या लांब एसटीने येऊन खोटी चित्रं बघायची? खटाव तालुक्यातल्या माणसाला युरोपची चित्रं बघायला मिळायला दुसरी वाट नव्हती, हे कळायला मला स्वतः नकला विकाव्या लागल्या.

विकल्या, कबूल करतो. पहिली काही वर्षं बँडची नावं, चिन्हं, सगळं बिनदिक्कत छापलं. आता ती छापत नाही, ती ज्याची त्याची मालमत्ता आहे. पोरगं कवटी मागायला आलं की त्याला सलिव्हनची मूळ कवटी दाखवतो, बँडच्या नावाशिवाय. निम्मी पोरं तोंड वाकडं करून दुसऱ्या दुकानात जातात. राहतात त्यांच्या शर्टाच्या गळ्याला आतून, साइजच्या खाली, एक ओळ मारून देतो: रेखाटन, एडमंड सलिव्हन, १९१३. त्यासाठी दोन इंचाची वेगळी स्क्रीन केलीय. तिचे पैसे लावत नाही.

गेल्या महिन्यात एका पोराच्या वडिलांचा फोन आला. धुताना शर्ट उलटा केला होता म्हणे.

"हा सलिव्हन कोण? तुमचा पार्टनर का?"

म्हटलं, "थोरला पार्टनर. जुना माणूस आहे."

"मग बिलावर नाव का नाही त्याचं?"