तीन .२२ रायफली आणि एक सीझन: कुठली ठेवायची?

मार्चमध्ये बेसमेंटमधल्या रायफलींच्या सेफसमोर उभं राहून बायकोने विचारलं, "तिन्ही एकच गोळी खातात ना, मग तीन कशाला?" आणि खरं सांगतो मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी ट्विस्ट रेट, बॅरल लेंथ वगैरे बोललो पण तिचा चेहरा बघून मलाच कळलं की हे काही पटत नाहीये. मग ठरवलं की या सीझनमध्ये तिन्ही नीट मारून बघायच्या, वहीत लिहायचं, आणि थंडी पडायच्या आत एक विकून टाकायची. ही त्याची नोंद. लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आधी कुठल्या तीन ते सांगतो. पहिली रुगर १०/२२, साधी कार्बाइन, साडेअठरा इंची नळी, दहा राउंडचं फिरकं मॅगझिन. १९६४ पासून हे मॉडेल चालू आहे आणि ओहायोत दर तिसऱ्या घरात एक तरी असावी असं मला वाटतं. दुसरी सॅव्हेज मार्क टू, हेवी बॅरल म्हणजे जाड नळी, अॅक्युट्रिगरवाली (ट्रिगर हलका-जड करता येतो). तिसरी सीझेड ४५७ ट्रेनिंग रायफल, चेक बनावटीची, बीचच्या लाकडाचा दस्ता, लांब नळी आणि वर उघडी साइट, म्हणजे दुर्बीण नाही, नुसत्या डोळ्याने नेम. सीझेड मी जवळपास फक्त दिसण्यावर घेतली हे इथे कबूल करतो, कारण ती दुकानात हातात घेतली आणि मला एकदम एनसीसीतली .२२ डिलक्स आठवली.

ज्यांनी एनसीसी केलंय त्यांना माहितीये. कोल्हापूरला कॉलेजात असताना वर्षातून एकदा फायरिंगला न्यायचे, पहाटे ट्रकमध्ये कोंबून, आणि एवढं करून प्रत्येकाच्या वाट्याला राउंड यायचे पाच. पंचवीस यार्डावर पालथं पडायचं, उस्ताद डोक्यावर उभे, "साँस रोको, ट्रिगर दबाओ, खींचो मत". माझ्या पाचातल्या दोन शेजारच्याच्या टार्गेटवर गेल्या होत्या आणि त्याला सात भोकांबद्दल शाबासकी मिळाली. त्याआधीचा अनुभव म्हणजे जोतिबाच्या यात्रेत छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचे, जिची साइट दुकानदाराने मुद्दाम वाकवलेली असायची. इतक्या भांडवलावर माणूस इकडे आला, ग्रीन कार्ड झाल्यावर पहिली रायफल घेतली, आणि आता आठवड्याला दोनशे राउंड मारतो. असो.

एप्रिल-मे. नुसतं ग्रुपिंग, म्हणजे एकाच जागी मारलेल्या गोळ्या किती जवळजवळ पडतात ते, जितका ग्रुप लहान तितकं चांगलं. ५० यार्ड, बेंचवरून, सँडबॅगवर, पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप, एकच स्कोप आलटून पालटून. तिन्हीचे माउंट वेगळे म्हणून स्कोप पकडणाऱ्या रिंगाही वेगळ्या घ्याव्या लागल्या, तो खर्च बायकोला अजून सांगितलेला नाही. बल्क डब्यातल्या गोळ्यांनी रुगरचा सरासरी ग्रुप पावणेदोन इंच, सॅव्हेज सव्वा इंच, सीझेडही सव्वाच. म्हणजे सीझेडच्या किमतीचा फायदा शून्य! मी जाम नाराज. मग ४० ग्रेन वजनाची, सीसीआय कंपनीची स्टँडर्ड गोळी लावली, सगळे ग्रुप थोडे आवळले. मग एसके कंपनीची स्टँडर्ड प्लस लावली आणि सीझेड एकदम ०.६ वर आली, सॅव्हेज ०.८, रुगर साधारण १.१.

नवीन लोकांसाठी थोडं, बाकीच्यांनी पुढे जा. .२२ लाँग रायफल १८८७ ची गोळी आहे. यात प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, वेगळा नसतो, पेटणारा मसाला काडतुसाच्या काठात आतून पसरलेला असतो आणि पिन त्या काठावर आपटते, म्हणून रिमफायर. काठात मसाला सगळीकडे सारखा बसला नाही की एक गोळी जोरात जाते, एक हळू, आणि ५० यार्डावर हा फरक उभ्या रेषेत दिसतो, एक खाली एक वर. आणखी एक म्हणजे हाय व्हेलॉसिटी गोळी नळीतून १२०० फूट प्रतिसेकंदाच्या पुढे निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाच्या खाली येते, तो उंबरठा ओलांडताना ती डळमळते. स्टँडर्डवाली १०७० च्या आसपास, म्हणजे सुरुवातीपासूनच खाली, तिला हा त्रासच नाही. कागदावर मारायचं तर हळू गोळी घ्या, लोकांना हे उलटं वाटतं. आणि महाग म्हणजे चांगली असंही नाही, नळीला गोळी मानवली पाहिजे, जसं एखाद्याला दूध मानवत नाही तसं. माझ्या सॅव्हेजला एली कंपनीची गोळी अजिबात मानवली नाही, सीझेडला मानवली पण खिशाला नाही.

बल्क डब्याबद्दल एक तक्रार, कंपनीचं नाव घेत नाही. ३०० मधल्या अकरा गोळ्या वाजल्याच नाहीत. क्लिक झालं की नळी टार्गेटकडेच ठेवून मनात तीस आकडे मोजायचे, मग बाहेर काढायची. काढलेली फिरवून परत घातली तर अकरातल्या सात उडाल्या, कारण पिन दुसऱ्या जागी बसली. म्हणजे मसाला एका बाजूला होता, दुसऱ्या बाजूला कोरडं!

जून. सॅव्हेज बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. ०.८ वरून दीड इंचावर गेली, मग पावणेदोन. मी नळी साफ केली, गोळ्या बदलल्या, स्कोप बदलला, तीन वीकेंड गेले. शेवटी क्लबमध्ये एक म्हातारे रिटायर्ड मशिनिस्ट येतात, ते माझी चुळबुळ बघत होते बहुतेक. काही न बोलता रायफल मागितली, बोल्ट काढला, उलटी करून मांडीवर घेतली, डाव्या हाताचा अंगठा लाकूड आणि नळीच्या सांध्यावर ठेवला आणि उजव्या हाताने पुढचा स्क्रू हलकेच फिरवला. "इकडे बोट ठेव" म्हणाले. मी ठेवलं, त्यांनी परत फिरवला, आणि बोटाखाली नळी सरळसरळ वर-खाली झालेली मला जाणवली! मेमध्ये तेल द्यायला मीच दस्ता काढला होता आणि नुसत्या हाताने स्क्रू पिळून ठेवला होता. रायफलीची काही चूक नाही, चूक सगळी माझी. त्यानंतर स्क्रू मोजून आवळायचा इंच-पाउंडवाला टॉर्क रेंच आणला आणि आता तिन्हीचे स्क्रू रेंजवर जायच्या आधी तपासतो. रुगरला बरं आहे, खाली एकच स्क्रू.

जुलै. कँप पेरी. लेक एरीच्या काठावर, १९०७ पासून तिथे नॅशनल मॅचेस होतात, आणि मी दोन तासांच्या अंतरावर राहून एकदाही गेलो नव्हतो. रिमफायर स्पोर्टर मॅचला नाव घातलं. ही मॅच आपल्यासारख्यांसाठीच आहे, नेमबाजीची खास जॅकेट-बूट नाहीत, रायफल साडेसात पौंडाच्या आत, ट्रिगर दाबायला कमीत कमी तीन पौंड जोर. रुगरमध्ये मी बीएक्स नावाचा हलका ट्रिगर बसवलाय, तो अडीच ते तीनमध्येच येतो, म्हणून ती नेलीच नाही. सीझेड नेली, उघड्या साइटवर. तिथे रायफल उभी धरतात, ट्रिगरला वजन अडकवतात आणि ते वजन उचललं गेलं पाहिजे. घरी गेजवर तीन पौंड दोन औंस आलं होतं तरी त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला, बारावीच्या रिझल्टसारखा.

साठ शॉट, सहाशेपैकी. पालथं आणि बसून ५० यार्ड, उभ्याने २५. पालथ्यात मी खूश होतो. रॅपिड फायरला बोल्टवाल्यांना (प्रत्येक शॉटनंतर हाताने बोल्ट ओढायचा) पाच शॉटला तीस सेकंद मिळतात, सेमी-ऑटोवाल्यांना (पुढची गोळी आपोआप चढते) पंचवीस, आणि ४५७ चा बोल्ट फक्त साठ अंश उचलावा लागतो म्हणून मला वाटलं आरामात जमेल. बसून जमलं. उभ्याने मात्र लेकवरून वारा आला, समोरची साइट गणपतीतल्या लेझीमसारखी नाचायला लागली, आणि शेवटच्या पाचात एक तर टार्गेटवर सापडलीच नाही. एकूण ४८८. शेजारी एक सत्तरीच्या आजी होत्या, ५५० च्या वर. त्यांनी मला कुकी दिली.

आल्यावर ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय नुसता ट्रिगर दाबायचा सराव, सुरू केलं, रोज रात्री पंधरा मिनिटं, भिंतीवरच्या ठिपक्यावर, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. रिमफायर रिकामी मारताना जपा, बऱ्याच रायफलींत पिन चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) काठावर आपटून खाच पडते. भिंतीत स्क्रू बसवायचे ते पिवळे प्लॅस्टिकचे प्लग मिळतात ना, चार नंबरचे, ते चेंबरमध्ये बरोब्बर बसतात, शेकडा घ्या आणि विसरा.

मधेच एक गंमत. नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ घेतलं तेव्हापासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, कोल्हापूरचे मित्र मला विचारतात "तुझी पण तीच का रे?" गोळी तीच, बाकी काहीच नाही. त्यांची मॅच ५० मीटरवर, दहाची रिंग १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी, आणि रायफल आठ किलोपर्यंत चालते. कांबळवाडीचा पोरगा उभ्याने त्या बटणात मारतो, आणि मी २५ यार्डावर कागद चुकवतो. त्यामुळे त्यांना "हो, तीच" असं सांगून मोकळा होतो.

सप्टेंबर. आता रिकामे डबे पाडायचे. सासरेबुवांच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची जागा, मागे मातीचा उंच बांध. काचेच्या बाटल्या नाहीत, दगडावर नाही, पाण्यावर तर अजिबात नाही, .२२ ची गोळी टुणकन उडते आणि गोळ्यांच्या पाकिटावरच छापलेलं असतं की ती दीड मैल जाऊ शकते. मी तिन्ही नेल्या आणि बायकोला म्हटलं तू ठरव. तिने सॅव्हेज उचलली, "ही मुसळ आहे" म्हणून खाली ठेवली. सीझेडने पाच डबे पाडले, मग मॅगझिन संपलं म्हणून वैतागली. रुगर हातात घेतली आणि पुढचा पाऊण तास ती मला मिळालीच नाही. दहा राउंड, टण टण टण, लगेच हात पुढे, "भर". मी ओट्यावर पोळ्या लाटणाऱ्यासारखा मॅगझिन भरत बसलो. त्या दिवशी कागदावर सगळ्यात वाईट ठरलेल्या रायफलीने सगळ्यात जास्त हसवलं, हे वहीत लिहायला कुठला कॉलमच नव्हता.

तर निकाल. सॅव्हेज गेली, दुकानात कन्साइनमेंटला ठेवलीये, म्हणजे विकली गेली की पैसे. वाईट वाटलं, कारण डॉलरमागे अचूकता बघायची तर तीच पहिली, आणि कोणी मला एकच रायफल सुचव म्हणून विचारलं तर आजही बेंचवाल्यांना मी तीच सांगेन. पण मी बेंचवाला नाहीये हे या सीझनमध्ये कळलं. सॅव्हेजने चांगला ग्रुप दिला की मी वही बंद करून घरी यायचो, सीझेडवर उघड्या साइटने वाईट गेला की अजून पन्नास राउंड मारून मगच निघायचो. माझी आवडती ती. रुगर माझी राहिलेलीच नाही, सेफमध्ये तिच्यावर आता बायकोच्या नावाची चिठ्ठी आहे.

सॅव्हेजच्या येणाऱ्या पैशाच्या भरवशावर एसकेची एक केस मागवलीये, पाच हजार राउंड, सगळे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच खेपेतले. अजून आलेली नाही. दरम्यान उभ्याने रोज पंधरा मिनिटं चालू आहे, ठिपका अजून नाचतो.