पाकोळ्यांची नोंद : शहापूर, वडगाव, खानापूर

पाकोळ्या म्हणजे स्विफ्ट पक्षी. बेळगाव भागात त्या कुठल्या इमारतींत राहतात ते आपण नोंदवतोय. या हंगामातली चांगली बातमी आधी. वडगावच्या एका देवळाच्या कमानीतली पाकोळ्यांची वस्ती वाचली. गणपतीआधी रंगकाम उरकायचं ठरलं होतं आणि घरट्यांत पिल्लं होती. आम्ही पंचमंडळींना दिवेलागणीला कमानीखाली बोलावलं आणि वरचा चिवचिवाट ऐकवला. त्यातले एक थोरले काका म्हणाले, "आमच्या आज्ज्यापासनं हाइत ही पाखरं. आतली बाजू दिवाळीनंतर रंगवूया की!" बाकीचं देऊळ रंगलं, कमान तशीच राहिली.

शहापुरात मात्र दोन जुने वाडे पडले आणि त्यांच्या तुळयांखालची घरटी गेली. त्या जागी नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींना सज्जा आहे, पण खाली सगळं गुळगुळीत. पाकोळीला चिकटायला खरबरीत आडोसा लागतो. तिची चारही बोटं पुढे वळलेली असतात, त्यामुळे तिला तारेवर किंवा फांदीवर बसताच येत नाही. म्हणून आपण नुसते उडणारे पक्षी न मोजता इमारती नोंदवतोय. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या यादीत 'पाकोळ्या ४०' असं दिसतं, पण त्या कुठल्या छताखाली राहतात ते कळत नाही.

आपण नोंदवतोय ती लहान पाकोळी (लिटल स्विफ्ट) ही जात जगाच्या हिशेबाने धोक्यात नाही, हे लोकांना सांगताना लपवू नका. पण ब्रिटनमध्येही कॉमन स्विफ्ट एके काळी शहराशहरांत दिसायची. १९९५ पासून ती निम्म्याहून कमी झाली आणि २०२१ मध्ये तिथल्या संकटातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेली. घरांची दुरुस्ती करताना छपराखालच्या फटी बुजतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आपल्याकडे नेमकं तेच चाललंय, आणि आधी काय होतं याची नोंदच नाही.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात ओळख : अंग काळपट, गळा आणि कंबर पांढरी, शेपूट आखूड नि चौकोनी. माडाभोवती फिरणाऱ्या ताड पाकोळीची शेपूट दुभंगलेली असते आणि कंबर पांढरी नसते. घरटं चिखलाचं असेल तर ते भिंगरी (स्वॅलो) या पक्ष्याचं. पाकोळी पिसं, गवत, कापूस उडता उडता हवेतच पकडते आणि थुंकीने चिकटवते. वडगावात गळून पडलेलं एक घरटं हातात घेऊन पाहिलं. कोंबडीची पिसं, वाळलेलं गवत, आणि मधूनमधून मागावरच्या सुताचे गुलाबी, हिरवे धागे. थुंकी वाळून सगळं इतकं घट्ट झालं होतं की धागा ओढला तर तुटला, पण सुटला नाही. विणकरांच्या गल्लीतलं घरटं ते!

खानापूरच्या बाजूला मलप्रभेवरच्या एका पुलाखाली घरट्यांचा नवा पुंजका सापडला. त्यातल्या काही घरट्यांतून चिमण्या बाहेर पडताना दिसल्या. चिमण्या पाकोळ्यांची घरटी बळकावतात, त्यामुळे घरटी मोजून जोड्यांचा आकडा काढू नका. सूर्यास्ताआधी अर्धा तास उभं राहा आणि अंधार पडेपर्यंत आत शिरणारे पक्षी मोजा. पूर्ण, अर्धवट आणि गळलेली घरटी वेगळी लिहा. वस्ती रिकामी झाली असेल तर शून्यही लिहा, तो आकडा फार मोलाचा आहे. फ्लॅश मारू नका.

पाकोळी जमिनीवर सापडली तर हवेत भिरकावू नका आणि तिच्या चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात थोडा वेळ ठेवा. मग मोकळ्या जागी तळहातावर घेऊन हात उंच धरा. धडधाकट असेल तर ती आपली आपण उडते. उडाली नाही तर पक्ष्यांच्या जाणकार डॉक्टरांकडे न्या.

आता निपाणी आणि चिकोडीकडचे पूल, जुन्या शाळा, बाजारातल्या कमानी राहिल्यात. खालच्या भिंतीवर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की वर नजर टाका. नोंदीचा तक्ता मराठीत आणि कन्नडात तयार आहे, शाळेतल्या मुलांनाही भरता येतो. त्या बाजूला राहणाऱ्यांनी एकेक इमारत वाटून घ्यावी, आणि मालक रंगकाम कधी काढणार आहेत तेही त्याच भेटीत विचारून लिहावं.