कळसाला सांगा

लालबागहून आषाढीला दिंडी वडाळ्याच्या प्रतिपंढरपूरला जाते. तिच्यात मी सात वर्षं चालतोय. देव मानत नाही. वडील मानायचे. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी गेली, टाळ तेवढे राहिले. ते वारले त्या वर्षी मी टाळ उचलले. कुठल्या वर्षी पाऊस होता, कधी फुगडीत चष्मा फुटला, सगळं एकमेकांत मिसळलंय.

यंदा परळच्या आधीच टाचेला फोड आला. नवी रबरी चप्पल, त्यात सकाळपासून ओली. शेजारून कुणा पुढाऱ्याचा टेम्पो भोंगा लावून चाललेला, पखवाज ऐकू येईना. मला संताप आला. टाळ एका पोराकडे दिले आणि पट्टी घ्यायला टाटा रुग्णालयाच्या रस्त्याला वळलो.

फुटपाथवर ताडपत्रीखाली पेशंटांची माणसं बसलेली. त्यातल्या एका बाईनं कपाळावरचा बुक्का पाहून हाक मारली, "माऊली, लंगडताय का? बसा हितं."

बसलो. तिनं पाय मांडीवर घेतला. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन चिखल धुतला, तीनदा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. "फोडू नगा, कातडं ऱ्हाऊ द्या." कापूस, वर चिकटपट्टी. मालकांच्या गळ्याची पट्टी रोज बदलून हात बसला होता. सांगोल्याकडची. अठरा वर्षं आळंदीपासून चालली, यंदा चुकली.

मग तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घेतला. "मावशी, मी देव मानत नाही हो." इतक्या वर्षांत हे दिंडीत कुणाला बोललो नव्हतो.

"बरं," ती म्हणाली. "कळसाला सांगा, सांगोल्याची आली न्हाई."

सावतोबा पंढरीला गेले नाहीत, अरणच्या मळ्यातच त्यांना देव भेटला, असं वडील सांगायचे. मला ती पळवाट वाटायची. त्या फुटपाथवर पाय धुतला जात असताना मात्र मला टोपी काढावीशी वाटली, आणि मी काढली.

दादर, पाच उद्यान, वडाळा. दर्शनाची रांग लांबच लांब. रांगेत मी कधीच उभा राहत नाही. लांबूनच कळसाकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, "सांगोल्याच्या मावशी आल्या नाहीत. मालक टाटात आहेत." शेजारच्या आजोबांनी काही न विचारता हात जोडले.

रात्री राजगिऱ्याचे दोन लाडू घेऊन परळला उतरलो. ती वर वॉर्डात गेली होती. तिच्या पिशवीजवळ बसलेल्या मुलाकडे लाडू दिले. म्हटलं, सांगितलं म्हणून सांग.